सीडीला लावलेली खळ

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण आहे ते आमच्या तालुक्याच्या वाचनालयाच्या जुन्या ग्रंथपालांचं. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, जरी त्यांनी शाळेत एक दिवसही शिकवलं नव्हतं. १९८१ साली मी वडीगोद्रीच्या पलीकडच्या आमच्या खेड्यातून तालुक्याला आठवीत शिकायला आलो. वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते. वाचनालयाचा सभासद व्हायला अनामत लागते हे मला दारात उभं राहिल्यावर कळलं. गुरुजींनी माझ्या अर्जावर जामीन म्हणून स्वतःचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "पुस्तक हरवलं तर माझ्याकडून वसूल होईल. म्हणून हरवू नको." पुढं बी. ए. जालन्याला झालं. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीचा अर्ज औरंगाबादहून त्यांनीच मागवून दिला. आमच्या घरात पदवीचा कागद आणणारा मी पहिला, आणि तो कागद मी वडिलांच्या आधी गुरुजींना दाखवला. वडिलांना त्याचं काही वाटलं नाही. ते म्हणाले, "बराबर केलंस."

नोकरीची सुरुवातीची वर्षं मी गुरुजींच्या हाताखाली सहायक होतो. वर्गीकरण, तालिका, नोंदी हे मी शिकून आलो होतो. खळ करायला मात्र त्यांनी शिकवलं. मैदा गार पाण्यात कालवायचा, गाठी मोडायच्या, मंद आचेवर ढवळत राहायचं आणि उतरवायच्या आधी चिमूटभर मोरचूद घालायचं. मोरचुदानं खळ निळसर दिसायची. "मोरचूद विसरलास तर तुझ्याआधी कसर पुस्तक वाचून काढील," असं ते म्हणायचे. त्या निळसर खळीनं चिकटवलेली लेबलं तीस-तीस वर्षं जागची हललेली नव्हती. त्यांचा दुसरा नियम क्रमाचा. वाचनालयात कोणतीही वस्तू आली की आधी दाखल क्रमांक, मग शिक्का, मग लेबल आणि मगच कपाट. भेट आलेला नकाशा असो की जुनं पंचांग, क्रम मोडायचा नाही.

गुरुजींचं खरं काम मात्र साप्ताहिकाच्या फायली हे होतं. निजामाविरुद्धच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर काही वर्षांतच आमच्या गावातून एक साप्ताहिक निघू लागलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ते बंद पडलं. चारच पानं असायची. विहिरीच्या भांडणांचे निकाल, यात्रेतल्या कुस्त्या, शाळांची यादी, जमीन संपादनाच्या जाहीर नोटिसा, राजूरच्या गणपतीला हरवलेलं पोर सापडल्याची बातमी. मोठ्या वर्तमानपत्रांना ज्याचं काही देणंघेणं नाही असं सगळं. छापखाना मालकाच्या वारसांनी विकला तेव्हा त्यांची स्वतःची प्रतही त्यात गेली. उरली ती आमची. गुरुजी दर वर्षाचे अंक लावून, शिवून, पुठ्ठा घालून त्यांचा एक खंड बांधायचे. निवृत्त होऊन मुलाकडं नांदेडला जाताना त्यांनी घराची किल्ली शेजाऱ्याला दिली आणि फायलींच्या दोन कपाटांच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

दोन हजार सालानंतर आमच्याकडं अनुदानातून कॉम्प्युटर आला. वाचनालयाचे कार्यवाह पेशानं वकील होते. गावात त्यांना वकीलसाहेबच म्हणत. माणूस कामाचा. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका करायची हा त्यांचा ध्यास होता आणि तो चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. खेड्यातून आलेली पोरं बसस्थानकाच्या बाकड्यावर अभ्यास करायची. अभ्यासिकेला खोली हवी होती, आणि खोली होती ती साप्ताहिकाच्या फायलींची. तेव्हा असं ठरलं की फायलींचे फोटो काढून सगळं सीडीवर घ्यायचं.

त्या कामाला जालन्याहून एक कॉम्प्युटरवाला आला. एरवी तो लग्नाचे अल्बम करायचा. हिवाळाभर त्यानं आमच्या मागच्या खोलीत दोन दिवे आणि कॅमेरा लावून पान न् पान टिपलं. एका वर्षाची एक सीडी. पहिली सीडी कॉम्प्युटरवर उघडली तेव्हा मी खुर्ची पुढं ओढून बसलो. पिवळं, कडा तुटलेलं पान पडद्यावर मोठं होत होत इतकं मोठं झालं की ज्या ओळी मला भिंग लावून वाचाव्या लागायच्या त्या मी हात न लावता वाचल्या. मला फार आनंद झाला. त्याच संध्याकाळी मी गुरुजींना कळवलं. त्यांचं कार्ड आलं, "सगळं वर्ष एका ताटलीत मावतं हे वाचून नवल वाटलं. नीट दाखल करून घे."

वार्षिक तपासणी जवळ आली होती. तपासणीला येणारे साहेब प्रत्येक वस्तूवर शिक्का आणि लेबल बघत. आमचे शिपाई गुरुजींच्या काळापासूनचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांनी स्टोव्हवर खळ केली. मैदा, पाणी, मोरचूद. मी सीड्यांना दाखल क्रमांक दिले. चकचकीत बाजूला हात लावायचा नाही हे आम्हाला सांगितलेलं होतं, म्हणून उलट्या बाजूला, जिथं नाव लिहितात तिथं, मामांनी शिक्का मारला आणि एकेक लेबल लावून तळहातानं दाबलं. शेवटच्या चार-पाच सीड्यांना खळ पुरली नाही. त्यांची लेबलं आम्ही प्लॅस्टिकच्या पाकिटावर टेपनं चिकटवली. तालिकेच्या जुन्या लाकडी खणात सीड्या अगदी बेतल्यासारख्या बसल्या. तपासणीच्या साहेबांनी खण ओढून बघितला आणि मान डोलावली.

पावसाळ्यात कार्यकारिणीची बैठक झाली. फायली आता सीडीवर आल्या आहेत, कागद कुजतो आहे, सबब रद्दीत द्यावा, असा ठराव आला. कागद अजून वर्षभर राहू द्यावा, असं मी म्हणालो.

एक सभासद हसून म्हणाले, "ग्रंथपाल, एकच गाय दोन दाव्यांनी बांधता काय?"

सगळे हसले, मीही हसलो. ठराव झाला. अभ्यासिकेच्या उद्घाटनाच्या पत्रिका छापायला गेल्या. मामांनी आणि मी सगळे खंड काढून सुतळीनं बांधले आणि व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवले. जालन्याच्या रद्दीवाल्याचा टेम्पो सोमवारी येणार होता.

आदल्या शनिवारी शहागडचे एक शिक्षक आले. त्यांच्या आजोबांची गोदावरीकाठची जमीन संपादनात गेली होती. तिची नोटीस साप्ताहिकात कधी छापली होती ते त्यांना कोर्टात दाखवायचं होतं. साल त्यांना माहीत होतं. मी मोठ्या उत्साहानं खण ओढला, सीडी काढली, मशीनमध्ये घातली. मशीन आत जातं फिरावं तसं घरघरलं. पडद्यावर काही आलं नाही. मी सीडी काढून पुसली, परत घातली. तेच. पुढच्या वर्षाची घातली. पहिली काही पानं दिसली, मग अर्ध्या पानावर काळे पट्टे आणि मशीन अडकलं.

शिक्षक घड्याळ बघत होते. "सर, कागदावर असतं तर एव्हाना चहा पिऊन मी बसमध्ये बसलो असतो."

आम्ही व्हरांड्यात गेलो. सुतळी सोडून त्या सालचा खंड काढला. नोटीस चौथ्या पानावर होती. झेरॉक्स काढून ते निघाले. मी आत आलो आणि खणातल्या सीड्या एकामागून एक घालू लागलो. बहुतेक सीड्या उघडतच नव्हत्या किंवा मध्येच अडत होत्या. शेवटच्या चार-पाच मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वच्छ उघडल्या. त्यांच्यात वेगळं काय होतं हे हातात धरल्याबरोबर दिसलं. त्यांच्या अंगावर लेबल नव्हतं.

मी एक बिघडलेली सीडी खिडकीच्या उजेडाकडं धरली. लेबलाच्या कडेनं पिठाच्या चाळणीसारखी बारीक भोकं पडली होती आणि त्यांतून उजेड येत होता. लेबलाचा कोपरा नखानं उचलला, तर कागदाबरोबर चांदीसारखा पातळ पापुद्रा उचलून आला आणि सीडीचा तेवढा भाग काचेसारखा आरपार झाला. सगळी पानं त्या पापुद्र्यातच होती. आम्ही जपत होतो ती चकचकीत बाजू नुसतं प्लॅस्टिक होती. खरा जीव उलट्या बाजूला, शाईच्या आणि लेबलाच्या खाली, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ओली होऊन मोरचुदाची खळ त्याला आतून खात होती.

मामा दारात येऊन उभे होते. "काय झालं, सर?"

मी सीडी त्यांच्याकडं दिली. त्यांनीही ती उजेडाकडं धरली.

"कसर लागली का?"

"कसर नाही मामा. खळ लागली."

त्यांना ते पटेना. "मोरचूद घातल्तं की बराबर. गुरुजी घालायचे तेवढंच."

मी जालन्याच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्याच्याकडं सगळं असेलच, दुसऱ्या सीड्या काढून घेऊ, असं माझ्या मनात होतं. तो म्हणाला, "सर, काम दिलं तवाच मशीन रिकामी केली. लगीनसराई होती. एवढी जागा कुठं ठेवायची?" मी लेबलाचं सांगितलं. "खळीनं? सर, सीडी हाय ती. वही न्हाई."

रविवारी सकाळी मी वकीलसाहेबांच्या घरी गेलो. ते पेपर वाचत होते. उद्घाटनाच्या छापून आलेल्या पत्रिका टेबलावर होत्या. मी सीडी पुढं केली, खिडकीशी धरून दाखवली, सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा हळूहळू ताठ होत गेला.

"म्हणजे सगळ्या गेल्या?"

"चार-पाच चांगल्या आहेत. काही अर्धवट उघडतात. बाकीच्या नाहीत."

"तुमचं मशीन बिघडलं असेल."

"चांगल्या सीड्या त्याच मशीनवर चालतात, साहेब."

ते उठून येरझारा घालू लागले. "ग्रंथपाल, हा सरकारी पैसा आहे. मी कार्यकारिणीला काय सांगू? आपण अनुदानातून सीड्या केल्या आणि खळ लावून खराब केल्या? उद्या हिशेब तपासणीत हे निघालं तर पुढचं अनुदान बंद. तुमचा पगार त्यातूनच निघतो, विसरू नका."

मी विसरलो नव्हतो. घरी पोरांची शाळा होती, आई आजारी होती. पण व्हरांड्यातले ते गठ्ठे डोळ्यांपुढून हलत नव्हते. "साहेब, काय सांगायचं ते तुम्ही ठरवा," मी म्हणालो. "पण उद्या टेम्पो येऊ देऊ नका. कागद गेला तर मग काहीच उरत नाही. सांगण्यासारखंही नाही आणि लपवण्यासारखंही नाही."

ते पत्रिका बाजूला सारून टेबलाशी बसले. मग त्यांनी फोन उचलला. रद्दीवाल्याच्या दुकानात कुणी उचलला नाही. "रविवार आहे," ते म्हणाले. "सकाळी लावतो. तुम्ही जा आता." त्यांच्या आवाजावरून मला काही कळलं नाही. ते लावतील असंही वाटलं आणि लावणार नाहीत असंही.

सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर निघालो. वाचनालयाच्या कोपऱ्यावर वळलो आणि व्हरांडा रिकामा दिसला. जमिनीवर सुतळीचे तुकडे पडले होते. मामा पायरीवर बसले होते, मला बघून उठले.

"आल्ते, सर. उजाडायच्या टायमालाच आल्ते. मला घरून उठवून आणलं त्यांनी."

"अडवलं नाही?"

"म्या म्हणलं, सर येऊ द्या. तर म्हणले, आमाला जल्दी हाय, पुढं अजून माल भरायचाय. ठरावाचा कागुद व्हता त्यांच्यापाशी, वकीलसाहेबाच्या सहीचा. मंग म्या कसं अडवू?"

त्यांचं बरोबर होतं. मी वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, दुकानात आत्ताच निरोप दिलाय, पण टेम्पो त्याआधीच निघालेला होता आणि ड्रायव्हरकडं फोन नाही. मी पुढचं ऐकलं नाही. जालन्याकडं जाणारी जीप उभी होती, तिच्या मागच्या फळीवर बसलो. जीप भरेपर्यंत हलेना. मी ड्रायव्हरला म्हणालो, दोन जागांचे पैसे मी देतो, चला. तो म्हणाला, "एवढी घाई? कुणी ॲडमिट हाय का?" मी हो म्हणालो.

रद्दीवाल्याचं गोदाम मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये कागदांचे डोंगर. टेम्पो रिकामा उभा होता. आमचे खंड एका ढिगावर ओतलेले होते. दोन माणसं जमिनीवर बसून रापीनं एकेक खंडाचा पुठ्ठा कापून वेगळा करत होती. कागद एकीकडं, पुठ्ठा एकीकडं.

मी जाऊन त्या ढिगावर बसलो.

गोदामाचे मालक म्हातारे होते, डोक्यावर टोपी, हातात चहाची बशी. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "क्या साहब, बैठ गये? कुर्सी लाऊं क्या?"

"चाचा, हे द्यायचं नव्हतं. चुकून आलंय."

"चुकून? सहीशिक्का है मेरे पास. चुकून का शिक्का नै होता."

"सकाळी वकीलसाहेबांचा फोन आला असेल."

"दुकान पे आया. यहां खबर आने तक माल उतर गया था." त्यांनी बशी खाली ठेवली. "इसमें है क्या ऐसा? पुराना अखबार. मेरे पास रोज टन से आता है."

मी खालचा खंड उचलून त्यांच्यापुढं उघडला. कुठलं साल हे मी बघितलंही नव्हतं. पान जालन्याच्या बाजाराचं निघालं, तुरीचे भाव, आणि खाली मोंढ्यातल्या आगीची बातमी. चाचांना मराठी वाचता येत होतं. त्यांनी बोट ठेवून वाचलं. मग रापीवाल्यांना हात केला. "रुको रे."

"याची दुसरी प्रत कुठंच नाही," मी म्हणालो.

"तो पूछ के बेचना था ना, साहब." त्यांच्या बोलण्यात टोमणा होता, पण रापी थांबली होती. "जो कटा नै, वो ले जाओ. जितने में लिया उतने में. लेकिन दो गट्ठे सुबह की गाडी से मिल को गये. वो मैं कहां से लाऊं?"

तेवढ्यात शेडच्या बाहेर गाडी थांबली. वकीलसाहेब उतरले. कोर्टाचा काळा कोट अंगात होता, म्हणजे तारीख सोडून आले होते. कोट काढून गाडीच्या सीटवर टाकला आणि येऊन खंड उचलू लागले. मी साल बघून ओळीनं लावत गेलो. पुठ्ठे कापलेले काही खंड पानांनिशी सापडले, शिवण शाबूत होती. मी परत परत मोजलं, ढिगाखाली हात घालून बघितलं. शेवटी दोन सालं कमीच भरली. त्यांचे फक्त पुठ्ठे मिळाले. एक साल बहात्तरचं, दुष्काळाचं. दुसरं त्याच्या पुढचं.

वकीलसाहेबांनी विचारलं, "मिल कुठली?"

चाचांनी सांगितलं, पण मान हलवली. "जाके फायदा नै. उतरते ही पानी में जाता है माल."

परत येताना मी गाडीत मागच्या सीटवर खंडांच्या मध्ये बसलो होतो. वकीलसाहेब गाडी चालवत होते. गावाच्या अलीकडं ते म्हणाले, "मी काल अजून एकदा फोन लावायला हवा होता. संध्याकाळी." मी घसरणारा एक खंड सरळ केला. ते खरं होतं, आणि त्यावर बोलून काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी मी बहात्तरची सीडी घातली. जानेवारीपासून मेपर्यंतची पानं उघडली. दुष्काळी कामांवरच्या मजुरांच्या गावोगावच्या बातम्या पावसाळ्याच्या तोंडाशी येऊन थांबल्या. पुढं काळे पट्टे. त्र्याहत्तरची उघडलीच नाही. जालन्याला, औरंगाबादला दाखवून आलो. एकानं त्र्याहत्तरच्या सीडीचं लेबल काढायला रसायन लावलं, तर उरलासुरला पापुद्राही गेला. तेव्हापासून बहात्तरची मी कुणाच्या हातात देत नाही.

वकीलसाहेबांनी कार्यकारिणीत सगळं खरं सांगितलं. त्यांना बरंच ऐकावं लागलं. "दोन दाव्यांची गाय" म्हणणारे सभासद या वेळी गप्प होते. अभ्यासिका झाली, पण व्हरांडा बंदिस्त करून. फायली त्यांच्या खोलीत राहिल्या. नव्या सीड्या करायचं ठरलं आणि त्या कशा ठेवायच्या याचे नियम मला लिहायला सांगितले. मी पहिल्यांदाच असे नियम लिहीत होतो जे गुरुजींनी शिकवलेले नव्हते.

गुरुजींना कळवायचं राहिलं होतं. त्यांचं कार्ड आलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता बरं दिसतं, दिवाळीत नातू इकडं येणार आहे, त्याच्याबरोबर येऊन ती ताटली बघतो.

मी कार्ड वकीलसाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "त्यांना कशाला सांगता? या वयात धसका घेतील. दुसरी कुठली तरी सीडी दाखवा. त्यांना काय कळणार?"

मामा म्हणाले, "आल्यावर पहिलं बहात्तरचंच कपाट बघतील ते. म्या वळखतो त्यांना."

मी दोन दिवस पत्र लिहीत होतो आणि फाडत होतो. त्यांचं आयुष्यभराचं काम, त्यातली दोन वर्षं गेली, आणि सीड्या गेल्या त्या त्यांच्याच खळीनं. यातलं कुठलं वाक्य आधी लिहायचं हेच मला कळत नव्हतं. न लिहिता ते आले असते आणि कपाटासमोर उभे राहिले असते, तर मी तिथं कसा उभा राहिलो असतो, हेही मला कळत नव्हतं. शेवटी जे पाठवलं ते हे.

गुरुजी, साष्टांग नमस्कार.

तुमचे डोळे बरे झाले हे वाचून सगळ्यांना बरं वाटलं. मामांनी मारुतीला नारळ फोडला. तुम्ही येणार त्याआधी एक वाईट गोष्ट कळवतो. ती तुम्हाला माझ्याकडूनच कळावी.

साप्ताहिकाचे बहात्तर आणि त्र्याहत्तरचे खंड आता नाहीत. फायली रद्दीत देण्याचा ठराव झाला होता, त्यात ते जालन्याला गेले आणि तिथून मिलमध्ये. बाकीचे सगळे आम्ही परत आणले. सात खंडांचे पुठ्ठे कापले गेले आहेत, पण तुमची शिवण उसवलेली नाही. ते मी परत बांधायला घेतले आहेत. दोन झाले. कोपरे तुमच्यासारखे जमत नाहीत.

सीड्यांचं असं झालं की आपण पुस्तकाला लावतो तशी खळ मी आणि मामांनी त्यांना लावली. ती त्यांना चालत नाही. त्यांची नोंद वरच्या बाजूला असते आणि ओलावा व मोरचूद ती खातात. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि तुम्हाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तुम्ही सांगितलेला क्रम आम्ही मोडलेला नाही. दाखल क्रमांक आता सीडीच्या पाकिटावर लिहितो, सीडीवर फक्त मधल्या भोकाजवळ, मऊ पेननं. लेबल नाही, शिक्का नाही. प्रत्येकाच्या दोन प्रती करतो आणि दुसरी प्रत हायस्कूलच्या कपाटात ठेवतो. दरवर्षी सगळ्या उघडून बघायच्या असं ठरवलं आहे. आणि सीडी झाली म्हणून कागद कुणालाही द्यायचा नाही, हा ठराव वकीलसाहेबांनी स्वतः मांडला. तुम्ही आलात की त्यांच्याशी नेहमीसारखं बोला. ते तारीख सोडून गोदामात आले होते.

बहात्तरची मे महिन्यापर्यंतची पानं सीडीवर आहेत. त्यापुढचं काहीच नाही. मामा सांगतात की खंड बांधताना जादा आलेले किंवा फाटके अंक तुम्ही घरी नेत होता. त्यातले काही नांदेडला असतील, नाहीतर इथल्या तुमच्या घराच्या माळ्यावर, तर कृपा करून कळवा. किल्ली शेजाऱ्यांकडं आहे, तुमची परवानगी असली तर मी आणि मामा जाऊन बघू. तुम्ही स्वतः माळ्यावर चढू नका.

माझ्या अर्जावर तुम्ही जामीन राहिला होता. तुम्ही सोपवलेल्यातलं माझ्याकडून हरवलं. तुम्ही रागावलात तरी चालेल, पण दिवाळीला या.

आपला,
वाचनालयातून.

ता. क. एखादा अंक सापडला तर पोस्टानं पाठवू नका. मी येऊन घेऊन जाईन.